अदृश्य लहरींचे आचार्य : जगदीशचंद्र बोस

कोलकात्यातील आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर बोस इन्स्टिट्यूट ही विज्ञानसंस्था उभी आहे. तिच्या संग्रहालयात रेडिओविज्ञानाच्या पहाटेची काही साधने जपून ठेवलेली आहेत. धातूचे लहान चौकोनी कर्णे, पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगांची ओळ, कोन मोजण्याची तबकडी अशा वस्तूंच्या सोबतीला तेथे पीळ दिलेल्या तागाच्या जुड्याही आहेत. काथ्याचा सुंभ वळताना पाहिलेल्या गोमंतकीयाला या जुड्या परक्या वाटणार नाहीत. मात्र विज्ञानाच्या संग्रहालयात त्यांचे काय काम, असा प्रश्न त्याला नक्कीच पडेल. या प्रश्नाचे उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात दडलेले आहे, ते आचार्य जगदीशचंद्र बोस. आपल्या शोधांवर मालकी सांगण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. तरीही त्या शोधांचे श्रेय अखेर त्यांच्याकडे परतले आणि त्यात या जपून ठेवलेल्या वस्तूंचा वाटा मोठा होता.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. त्यांचे मूळ घराणे ढाक्याजवळच्या विक्रमपूर परगण्यातील राढीखाल गावचे. वडील भगवानचंद्र हे इंग्रज सरकारच्या सेवेत उपदंडाधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाच्या विचारांचे अनुयायी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. इंग्रजी शिकण्यापूर्वी मुलाला आपली भाषा आणि आपली माणसे कळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात जगदीशचंद्रांच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी त्यांनी या सवंगड्यांकडून ऐकल्या. शाळेत ने-आण करण्यासाठी वडिलांनी ठेवलेला नोकर हा पूर्वाश्रमीचा दरोडेखोर होता. शिक्षा भोगून सुटलेल्या त्या माणसाला भगवानचंद्रांनीच कामावर ठेवले होते. माणसाच्या जातीवरून किंवा भूतकाळावरून त्याची किंमत ठरवू नये, हा धडा या मुलाला पुस्तकाबाहेरच मिळाला.

पुढे कोलकात्यातील हेअर स्कूल आणि सेंट झेवियर्स येथे त्यांचे शिक्षण झाले. सेंट झेवियर्समध्ये फादर यूजीन लाफाँ हे बेल्जियन जेझुइट धर्मगुरू भौतिकशास्त्र शिकवीत. प्रयोग डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय त्यांचे व्याख्यान पुरे होत नसे. विज्ञान हाताने करायचे असते, ही जाणीव जगदीशचंद्रांना त्यांच्याकडून लाभली. १८७९ मध्ये पदवी मिळाल्यावर ते विलायतेस जाण्याच्या तयारीला लागले. या सुमारास घरची परिस्थिती बिकट झाली होती. लोकांना रोजगार मिळावा म्हणून वडिलांनी काढलेले उद्योग बुडाले होते आणि कर्जाचा बोजा वाढला होता. अशाही स्थितीत १८८० मध्ये ते लंडनला वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेले. मात्र आसामात जडलेल्या तापाने तेथे पुन्हा उचल खाल्ली. शवविच्छेदनगृहातील उग्र वासाने प्रकृती अधिकच ढासळू लागली, तेव्हा त्यांना वैद्यक सोडावे लागले. १८८२ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. आजारपणामुळे बदललेली ही वाट पुढे त्यांच्या आयुष्याची मुख्य वाट ठरली.

१८८५ मध्ये मायदेशी परतल्यावर कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या काळच्या शिक्षणखात्यात हिंदी प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याच्याही निम्मे, म्हणजे एक तृतीयांशच वेतन त्यांच्या वाट्याला येणार होते. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि वर्गातील कामात कसूरही केली नाही. फक्त वेतन घेण्यास नकार दिला. एक-दोन महिने नव्हे, तर तब्बल तीन वर्षे त्यांनी बिनपगारी अध्यापन केले. याच काळात, १८८७ मध्ये, अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अबलाबाईंनी मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. पुढे बंगालमधील स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले. काटकसरीसाठी हे दांपत्य काही काळ हुगळीकाठच्या चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीत राहिले. कॉलेजला जाण्यासाठी नदी होडीने ओलांडावी लागे आणि परतीची होडी अबलाबाई वल्हवीत नेत. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. जगदीशचंद्रांना पूर्ण वेतनावर कायम करण्यात आले आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. हाती आलेल्या थकबाकीतून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडायला घेतले.

संशोधनाला मात्र कॉलेजात ना प्रयोगशाळा होती, ना त्यासाठी वेगळा वेळ. एका लहानशा खोलीत, अध्यापनाचे तास संपल्यावर, स्वतःच्या खिशातून खर्च करून काम करायचे, एवढीच सोय होती. वयाची पस्तिशी उलटेपर्यंत त्यांच्या नावावर कोणताही मोठा शोध नव्हता. १८९४ मध्ये, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, उरलेले आयुष्य निसर्गाच्या शोधाला वाहण्याचा संकल्प त्यांनी केला.

त्या वेळी विज्ञानाच्या जगात विद्युतचुंबकीय लहरींचा विषय ताजा होता. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या बदलांतून अवकाशात लहरी निर्माण होतात आणि प्रकाश हाही अशा लहरींचाच एक प्रकार आहे, हे क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात गणिताने मांडले होते. १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी जर्मनीत अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. हर्ट्झ १८९४ च्या आरंभीच वारले; त्याच वर्षी ऑलिव्हर लॉज यांनी त्यांच्या कार्यावर लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानाने अनेकांना या विषयाकडे ओढले. हर्ट्झ यांच्या लहरी लांबीने मोठ्या होत्या. त्यांचे प्रकाशाशी असलेले नाते तपासायचे तर आरसे, भिंगे आणि लोलकही अवजड घ्यावे लागत. जगदीशचंद्रांनी लहर आखूड करण्याचे ठरवले. ठिणगी पाडण्याच्या साधनात बदल करीत त्यांनी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यामुळे सारी यंत्रणा टेबलावर मावेल एवढी लहान झाली.

हे काम त्यांनी परदेशी कारखान्याच्या जोरावर केले नाही. पत्र्याची कामे करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी आपली उपकरणे घडवली. लहरी एका दिशेने पाठवण्यासाठी पोकळ नळी आणि त्या गोळा करण्यासाठी कर्ण्याच्या आकाराचे तोंड त्यांनी तयार केले. रेडिओ अभियंते आज ज्यांना वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणतात, त्यांची ही आद्य रूपे होत. लहरींचे ध्रुवीकरण अभ्यासण्यासाठी, म्हणजे त्यांचे आंदोलन कोणत्या एका दिशेत होते हे तपासण्यासाठी, त्यांनी ब्रॅडशॉ यांचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये कथलाच्या पातळ पत्र्यांचे कागद घातले. अशा पुस्तकातून एकाच दिशेने आंदोलणारी लहर पार होई. पुढचा प्रश्न होता साखरेचा. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाच्या आंदोलनाची दिशा वळते, हे माहीत होते. रेणूंची पिळदार रचना हे त्याचे कारण असेल, तर तसाच पीळ मोठ्या आकारात घडवून विद्युत लहरी वळवता आल्या पाहिजेत, असा विचार त्यांनी केला. त्यासाठी त्यांनी बंगालच्या शेतात उदंड पिकणारा ताग घेतला आणि त्याच्या जुड्यांना पीळ दिला. एका बाजूच्या पिळाने लहर एकीकडे वळली, उलट पिळाने दुसरीकडे. संग्रहालयातील जुड्यांचे काम ते हेच.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी सभागृहात बसले होते. एका खोलीत निर्माण केलेली लहर भिंती आणि मॅकेंझी यांचे धिप्पाड शरीर भेदून सुमारे ७५ फूट दूरच्या खोलीत पोहोचली. तिने तेथे घंटा वाजवली, पिस्तुलाचा बार उडवला आणि दारूच्या छोट्याशा ढिगाला आग लावली. मध्ये कोणतीही तार नव्हती. त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालपुढे वाचला गेला. पुढचे काम लॉर्ड रॅले यांच्यामार्फत रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचले आणि १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मानाच्या शुक्रवारच्या व्याख्यानात त्यांनी हीच सुटसुटीत यंत्रणा मांडून दाखवली. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखे वयोवृद्ध शास्त्रज्ञही या प्रयोगांनी प्रभावित झाले.

याच सुमारास गुल्येल्मो मार्कोनी हा विशीतला इटालियन तरुण लंडनमध्ये बिनतारी संदेशवहनाचे पेटंट मिळवून व्यापारी कंपनीची उभारणी करीत होता. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. मार्कोनींना संदेश दूरवर पोहोचवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले. जगदीशचंद्रांना लहरीचा स्वभाव जाणून घ्यायचा होता. त्यामुळे बोस यांनी व्यापारी रेडिओ उभारला, असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या कामाशिवाय तो उभा राहिला, असे समजणेही चुकीचे ठरते. १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी लहरी ओळखणाऱ्या एका नव्या साधनाचे वर्णन केले. पूर्वीच्या साधनांतील धातूचे कण लहर येताच एकमेकांना चिकटून बसत आणि पुढच्या संकेतासाठी त्यांना टिचकी मारून सैल करावे लागे. लोखंड व पारा यांच्या स्पर्शावर चालणारे बोस यांचे साधन आपोआप पूर्वपदावर येई. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत मार्कोनींनी न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. तो ऐकण्यासाठी त्यांनी टेलिफोनला जोडलेले पाऱ्याचेच साधन वापरले होते. इटालियन नौदलाच्या नावाने ते ओळखले जाई आणि मूळ कल्पना कुणाची, याचा उल्लेख त्यात नव्हता.

१९०१ मध्ये लंडनमध्ये असताना बिनतारी यंत्रे बनवणाऱ्या एका बड्या उद्योजकाने जगदीशचंद्रांपुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवला होता. पेटंट घ्यावे, खर्च आपण करू आणि नफा वाटून घेऊ, असे त्याचे स्वरूप होते. जगदीशचंद्रांनी तो नाकारला आणि पैशाच्या या हव्यासाविषयीची आपली उद्विग्नता मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्रातून कळवली. ज्ञान विकत द्यायचे नसते, ही त्यांची श्रद्धा होती. तरीही त्यांच्या नावावर एक अमेरिकन पेटंट आहे. त्यामागे भगिनी निवेदिता आणि सारा बुल या दोन हितचिंतक स्त्रियांची खटपट होती. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी ओळखण्याच्या साधनासाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मंजूर झाले. अर्धवाहकावर आधारलेल्या साधनाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. जगदीशचंद्रांनी त्याचा कोणताही लाभ घेतला नाही आणि ते तसेच कालबाह्य होऊ दिले.

तोवर त्यांचे मन दुसऱ्याच प्रश्नात गुंतले होते. लहरी ओळखणारी साधने सतत वापरली की मंदावत आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजीतवानी होत. स्नायू थकतात तसा हा धातूचा थकवा पाहून सजीव आणि निर्जीव यांतील सीमारेषा नेमकी कुठे आहे, असा प्रश्न त्यांना पडला. १९०१ मध्ये लंडनमध्ये त्यांनी हे विचार मांडले तेव्हा शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रात येऊ नये, असा त्यांचा सूर होता आणि रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापण्याचे थांबवले. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने त्यांचे काम प्रसिद्ध केले. लाजाळूसारख्या वनस्पतींच्या प्रतिसादांचे आलेख काढण्यासाठी त्यांनी एकामागून एक नाजूक यंत्रे तयार केली. वनस्पतीची क्षणाक्षणाची वाढ प्रचंड पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्र. त्यांची काही अनुमाने आजही वादग्रस्त आहेत. पण वनस्पतींत विद्युत संकेत वाहतात, हे त्यांचे मुख्य म्हणणे काळाच्या कसोटीवर उतरले. ज्या रॉयल सोसायटीने त्यांना थांबवले होते, तिनेच १९२० मध्ये त्यांना सदस्यत्व दिले.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. आयुष्यभराची बचत आणि देशभरातून आलेल्या देणग्या यांतून ही संस्था उभी राहिली. ती केवळ प्रयोगशाळा नसून मंदिर आहे, अशी त्यांची भावना होती. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले वज्र हे तिचे चिन्ह ठरले. त्याची प्रेरणा निवेदितांची होती. त्या १९११ मध्येच निवर्तल्या होत्या. येथे लागलेले शोध साऱ्या जगाचे असतील आणि त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही, हा दंडक त्यांनी उद्घाटनाच्या दिवशीच घालून दिला. पत्र्याच्या कारागिराने घडवलेले कर्णे आणि तागाच्या जुड्या पुढे याच संस्थेच्या आश्रयाला राहिल्या. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता.

त्यांच्या हयातीतच रेडिओचे जग लांब लहरींकडे वळले होते. दूरवर संदेश पाठवायला त्या सोयीच्या होत्या; मिलिमीटर लांबीच्या लहरींचा उपयोग कुणाला सुचत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रडार आले आणि आखूड लहरींचे महत्त्व जगाला कळले. पोकळ नळ्या आणि कर्णे पुन्हा नव्याने शोधले गेले. कोलकात्यात ते अर्धशतक आधीच घडले होते, याची आठवण फार थोड्यांना होती. ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी १९५५ मध्ये अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना रेडिओलहरी ओळखण्यासाठी स्फटिक वापरण्याचा अग्रमान बोस यांना दिला. १९९७ मध्ये अमेरिकेतील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॅरेल एमर्सन यांनी बोस इन्स्टिट्यूटमधील मूळ साधनांच्या आधारे त्यांच्या कामाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधांतील काही कल्पना ॲरिझोनातील बारा मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या नव्या ग्राहकयंत्रात वापरल्या गेल्याचेही त्यांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी मार्कोनींच्या पाऱ्याच्या साधनाचा माग काढत तो १८९९ च्या बोस यांच्या निबंधापर्यंत नेऊन पोहोचवला. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने बोस यांच्या मिलिमीटर लहरींवरील प्रयोगांची गणना या क्षेत्रातील मैलाच्या दगडांत केली.

पेटंटचे कागद मुदत संपली की निकालात निघतात. जपून ठेवलेल्या वस्तूची साक्ष मात्र कुणालाही, केव्हाही घेता येते. जगदीशचंद्रांनी मालकी नाकारली, पण आपले काम सविस्तर लिहून ठेवले आणि त्यांच्या संस्थेने साधने भंगारात जाऊ दिली नाहीत. म्हणूनच शतकानंतर आलेल्या अभ्यासकाला आठवणींवर किंवा अभिमानावर विसंबावे लागले नाही. नळीची रुंदी, कर्ण्याचा आकार, तागाचा पीळ हे सारे त्याला प्रत्यक्ष तपासता आले.

गोमंतकाला या लहरींचे मोल वेगळे सांगायला नको. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून चालवलेल्या गुप्त रेडिओ केंद्राचा स्वर पोर्तुगीज राजवटीच्या सीमा आणि सेन्सॉर ओलांडून गोव्यातील घराघरांत पोहोचत होता. टाउन हॉलच्या भिंती ज्या नियमाने लहरीला अडवू शकल्या नाहीत, त्याच नियमाने सीमेवरचे पहारेही त्या स्वराला अडवू शकले नाहीत. आज पेडण्याच्या बाजारात असो वा सातपुड्यातील खकनारच्या शेतावर, मोबाईलवर बोलणारा प्रत्येक माणूस या लहरींच्याच आधाराने बोलतो. फाइव्ह-जी तंत्रज्ञानाचा एक भाग तर बोस यांनी हाताळलेल्या मिलिमीटर लहरींच्याच पट्ट्याकडे वळला आहे. अशा वेळी घराच्या माळ्यावर पडलेला जुना रेडिओसंच किंवा एखाद्या कार्यालयाच्या अडगळीतील प्रक्षेपकाचा भाग भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी कोलकात्यातील त्या तागाच्या जुड्या आठवायला हव्यात. त्याही कुणीतरी कचरा समजून टाकून दिल्या असत्या, तर जगदीशचंद्रांच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार कायमचा हरवला असता.